मशेरी, गरोदर बाई आणि आपण



आज हप्ता, व्याज, बँक लिंकेज यातलं काही सांगणार नाही. आज बोलायचं आहे मशेरीच्या डबीबद्दल. ही डबी आपल्याकडे चुलीपाशी, खिडकीत, कनवटीला, कुठे ना कुठे असतेच. पण बैठकीत तिचा विषय कधी निघत नाही.

आधी माझीच एक चूक सांगते. आपल्या भागातल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई आल्या होत्या, पाचवा महिना होता. मी नुकतीच आरोग्याची माहितीपत्रकं घेऊन आले होते. उत्साहाच्या भरात सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही मशेरी लावता का हो?" शेजारीच त्यांच्या सासूबाई बसलेल्या. ताई म्हणाल्या, "नाही ओ मॅडम." विषय संपला. बैठक उठल्यावर चपला घालता घालता त्या हळूच म्हणाल्या, "दिवसातनं चार-पाच वेळा लावते. पण दवाखान्यात सांगू नका. मागच्या खेपेला खरं सांगितलं तर सगळ्यांसमोर बोलल्या मला. तेव्हापासून तारखेला जायलाच नको वाटतं."

त्या ताई कुठल्या गावच्या, ते मी सांगणार नाही. तसं पाहिलं तर शिवऱ्यापासून वेल्ह्यापर्यंत कुठल्याही गावच्या असू शकतात. पण त्यांचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मशेरीने बाळाला त्रास होतो, हे खरंच. पण मशेरीच्या लाजेपायी बाई तपासणीलाच गेली नाही, तर त्रास दुप्पट होतो. म्हणून हा लेख.

मशेरी ही नशा आहे का?

नशा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दारू पिऊन आलेला माणूस येतो. मशेरीला आपण नशा म्हणत नाही, 'सवय' म्हणतो. "दात घासते" म्हणतो. पण मशेरी म्हणजे काय? तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि मग कुटलेली तंबाखू. दुसरं काही नाही. तंबाखूत निकोटिन असतं आणि माणसाला तलफ लावतं ते हेच.

मशेरी हिरडीला लावली की तोंडाच्या आतल्या पातळ कातडीतून निकोटिन थेट रक्तात जातं. थोड्या वेळात डोकं हलकं वाटतं, काम सुचतं. मग दोन तासांत रक्तातलं निकोटिन साधारण निम्मं होतं आणि मेंदू परत मागतो. म्हणून सकाळी एकदा दात घासून भागत नाही. जेवणानंतर, भांडी झाल्यावर, झोपताना, अशी सारखी डबी लागते. ज्या बाईला मशेरीशिवाय सकाळी शौचाला होत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते, ती बाई वाईट नाही आणि नाटकंही करत नाही. तिच्या शरीराला निकोटिनची सवय लागली आहे.

अशा बायका किती असतील? २०१६-१७ साली झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी १७ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्या न ओढता येणारी, म्हणजे मशेरी, पानातली किंवा चुन्याबरोबरची तंबाखू घेणाऱ्या. दहा-बारा जणींचा एक गट धरला तर सरासरीने प्रत्येक गटात दोघी. आपल्या गटात कोणीच नाही असं वाटत असेल, तर बहुतेक कोणी सांगितलेलं नाही एवढंच.

टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. म्हणजे दात घासायची वस्तू म्हणून तंबाखू विकता येत नाही. मशेरीने दात घट्ट होतात हा आपला समज आहे. खरं तर हिरडी खाली सरकते, दातांची मुळं उघडी पडतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

पोटातल्या बाळाचं काय होतं?

शेताला पाणी देताना पाइप कुठे दुमडला तर काय होतं? मोटर चालू असते, पाणीही येत असतं, पण शेवटच्या वाफ्याला कमी पोचतं. निकोटिन असंच करतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात. बाळाला अन्न आणि ऑक्सिजन वारेतून मिळतो. तिथे रक्त कमी पोचलं की बाळाला खुराक कमी पडतो. शिवाय निकोटिन स्वतः वारेतून पलीकडे बाळाच्या रक्तातही जातं.

त्यात आपल्याकडची अजून एक गोष्ट. मशेरीने भूक मरते. भात लावणीच्या दिवसांत पहाटे उठून, चहा आणि मशेरीवर कितीजणी दुपारपर्यंत चिखलात उभ्या असतात, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. गरोदर बाईने असं केलं तर बाळाला दोन्हीकडून कमी पडतं. आईच जेवलेली नाही आणि जे रक्त आहे तेही नीट पोचत नाही.

हे कळलं कसं?

"माझ्या सासूने जन्मभर मशेरी लावली, सात पोरं झाली, सगळी धडधाकट." हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं आणि ते खोटं नाही. मशेरी लावणाऱ्या प्रत्येक बाईचं बाळ अशक्त होतंच असं नाही. एका घराकडे बघून हे कळत नाही. त्यासाठी शेकडो बायका बघाव्या लागतात.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. घरोघरी फिरून तीन ते सात महिन्यांच्या १२१७ गरोदर बायका शोधल्या. कोण मशेरी किंवा तंबाखू घेते, कोण नाही, हे आधी विचारून लिहून ठेवलं. मग बाळंतपण होईपर्यंत त्यांची माहिती ठेवली आणि बाळ झाल्यावर वजन बघितलं. त्यात तंबाखू घेणाऱ्या बहुतेक बायका मशेरीच लावणाऱ्या होत्या. २००४ साली हा अभ्यास छापून आला. तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. दोन वर्षांनी याच बायकांबद्दलचा पुढचा भाग आला, तो वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. तंबाखू न घेणाऱ्या शंभर बायकांत साधारण तिघींचं बाळ मेलेलं जन्मलं. तंबाखू घेणाऱ्यांत हा आकडा शंभरात जवळजवळ नऊ होता.

१०५ ग्रॅम म्हणजे वाटीभर तांदूळ. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. त्याला गारठा लवकर बाधतो, जंतुसंसर्ग लवकर होतो, अंगावर ओढायची ताकद कमी असते. २ किलो ५५० ग्रॅमचं होणारं बाळ वाटीभर तांदळाएवढं कमी झालं की ते त्या रेषेखाली जातं.

मुंबई लांब आहे म्हणाल, तर दुसरा अभ्यास आपल्यासारख्याच बायकांचा आहे. डॉ. आशा प्रतिनिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात ७०५ गरोदर बायकांची नोंद केली. त्यातल्या जवळजवळ ३१ टक्के, म्हणजे दहातल्या तिघी, मशेरी लावत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन न लावणाऱ्यांपेक्षा सरासरी १७० ग्रॅमने कमी होतं. २०१० साली हा अभ्यास छापला गेला.

पण मला त्यातली पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या लोकांनी बायकांची नुसती मोजणी केली नाही. मशेरी सोडायला त्यांना मदतही केली. आणि ज्यांनी गरोदरपणात मशेरी बंद केली किंवा कमी केली, त्यांच्या बाळांना त्याचा फायदा झाला. म्हणजे "आता पाच महिने झाले, व्हायचं ते झालं" असं नसतं. सोडली की त्या दिवसापासून फायदा सुरू होतो. बाळाचं जास्त वजन तर शेवटच्या तीन महिन्यांतच वाढतं.

आता हे बघा, हे सगळं कळलं कशामुळे? त्या बायकांनी खरं सांगितलं म्हणून. त्यांना खरं सांगावंसं वाटेल अशा रीतीने कोणीतरी विचारलं म्हणून.

लपवलं की काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली गरोदर बायकांच्या तंबाखूबद्दल आणि २०१४ साली दारू व इतर नशेबद्दल सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत असं: प्रत्येक गरोदर बाईला पहिल्या भेटीपासून विचारा. अमकी दिसायला तशी वाटते म्हणून तिलाच विचारायचं, असं नको. विचारताना तिचा मान ठेवा. काय करायचं ते तिला समजावून, तिच्या मर्जीने ठरवा. आणि ती नशा करते म्हणून तिला उपचारात मागे ढकलू नका, नावं ठेवू नका.

आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं. बाई खरं बोलली की बोलणी खाते. मग ती पुढच्या वेळी "नाही" म्हणते. नर्सताईला वाटतं काही अडचण नाही. बाळाचं वजन वाढत नसेल तर कारण सापडत नाही. आणि काही जणी तारखा चुकवायलाच लागतात. मग रक्त तपासणी, बीपी, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी सगळंच राहतं. मशेरी एकटीने जेवढं नुकसान केलं नसतं, त्यापेक्षा जास्त नुकसान त्या लाजेने होतं.

म्हणून गरोदर ताईंना माझं सांगणं: मशेरी सुटली नसली तरी तपासणी सोडू नका. "मी मशेरी लावते, दिवसातून इतक्या वेळा" एवढं एक वाक्य नर्सताईला किंवा डॉक्टरांना सांगा. एकटीने सांगायची भीती वाटत असेल तर आशाताईंना बरोबर न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर भेटतात. तेव्हा सांगा आणि बाळाची वाढ नीट आहे का, ते विचारून घ्या. तुमच्यावर ओरडलं म्हणून तुमचा हक्क जात नाही.

विचारायचं कसं?

माझ्या चुकीतून मी शिकले ते सांगते.

चारचौघांत विचारू नका. सासू, नवरा, जाऊ समोर असताना तर नाहीच. पाणी भरताना, शेताच्या वाटेवर, दोघीच असताना विचारा.

"तू लावतेस का?" असं पोलिसासारखं नको. "आपल्याकडे बऱ्याच जणी लावतात, तुझं कसं आहे? दिवसातनं किती वेळा होते?" असं विचारलं तर बाई मोकळी होते.

पुढचा प्रश्न, "कधीपासून आणि कशासाठी?" कुणी दात दुखतो म्हणून सुरू केलेली असते, कुणी उलट्या थांबतात म्हणून, कुणी शौचाला होत नाही म्हणून. कारण कळलं की उपाय सापडतो.

आणि तिने सांगितलेलं आपल्याजवळच ठेवायचं. कर्जाची गोष्ट जशी गटाबाहेर जात नाही, तशीच ही. एकदा बाहेर गेली की ती बाई परत कधी सांगणार नाही.

सोडायची कशी?

पहिली शंका: "एकदम सोडली तर बाळाला त्रास होईल." नाही. मशेरी किंवा तंबाखू एकदम बंद केल्याने बाळाला धोका होत नाही. त्रास आईला होतो. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. दोन ते चार आठवड्यांत बराच त्रास ओसरतो.

तलफ आली की ती कायम राहत नाही, काही मिनिटांत जाते. तेवढी मिनिटं काढायची. पाणी प्या, चूळ भरा, बडीशेप किंवा सुकवलेला आवळा तोंडात टाका, उठून दुसऱ्या कामाला लागा. सुपारी मात्र घेऊ नका. मशेरी सोडून सुपारी धरणाऱ्या पुष्कळ असतात, पण सुपारीनेही कॅन्सर होतो.

पोट साफ होत नसेल तर सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, नाचणीची भाकरी, भरपूर पाणी. लोहाच्या गोळ्यांनीही काहींना शौचाला कडक होतं. म्हणून गोळ्या बंद करू नका, आशाताईंना सांगा.

दात दुखत असेल तर दवाखान्यात दाखवा. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात. ब्रश नसला तर कडुलिंबाची काडी चालेल.

एकदम जमत नसेल तर वेळा कमी करा. पाचाच्या चार, चाराच्या दोन. पण "ह्या तारखेला बंद" असा दिवस आधी ठरवा आणि गटातल्या एका मैत्रिणीला सांगून ठेवा. त्या दिवशी डबी घराबाहेर. घरात सासूबाई लावत असतील तर त्यांना विनंती करा की नातवंड येईपर्यंत डबी डोळ्याआड ठेवा आणि सुनेच्या हातून मशेरी भाजून घेऊ नका. भाजतानाचा धूरही तंबाखूचाच असतो.

१८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन आहे. तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेला असतो. फोन लागला की मराठीत बोलायचं आहे आणि गरोदर आहे हे आधी सांगा. निकोटिनची च्युइंगम दुकानात मिळते, पण गरोदर बाईने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

परत लावली गेली तर? पुन्हा सोडायची. पुष्कळ जणींना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो.

बाळंतपणानंतरही सांभाळायचं. निकोटिन अंगावरच्या दुधात उतरतं. पण मशेरी सुटली नाही म्हणून बाळाला अंगावर पाजणं बंद करू नका. आईचं दूध बाळाला लागतंच. मशेरी कमी करा, बंद करा, दूध चालू ठेवा.

दारू आणि इतर नशेबद्दल थोडं

काही घरांत बायकाही दारू घेतात, हे आपण बोलत नाही. गरोदरपणात दारू किती घेतली तर चालते, याला उत्तर एकच: अजिबात नाही. पण इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. मशेरी एकदम सोडता येते. रोज भरपूर दारू पिणाऱ्या बाईने मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात. अफू, गर्द किंवा तसल्या गोळ्यांची सवय असेल तरी तसंच. गरोदरपणात ते एकदम तोडलं तर धोका असतो, डॉक्टर त्याऐवजी सुरक्षित औषध देऊन सांभाळतात. अशा बाईला कोंडून ठेवायचं नाही, माहेरी हाकलायचं नाही. आधी दवाखान्यात न्यायचं. नशामुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत फोन आहे.

आणि नशा असो वा नसो, गरोदर बाईच्या अंगावरून रक्त गेलं, पोटात खूप दुखायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करू या

आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी आहे. बैठकीत हप्ता भरून झाल्यावर दहा मिनिटं काढा.

१. हा लेख एकीने मोठ्याने वाचून दाखवा. कोणाचंही नाव घेऊन बोलू नका.

२. गावात आत्ता कोण गरोदर आहे ते आशाताईंकडून समजून घ्या. प्रत्येकीसाठी गटातली एक मैत्रीण ठरवा. तिने दर महिन्याला तपासणीला बरोबर जायचं. मशेरी लावणारीसाठीच नाही, सगळ्यांसाठी. म्हणजे कोणावर बोट दाखवल्यासारखं होणार नाही.

३. ज्या मावश्या स्वतः मशेरी सोडून बसल्या आहेत, त्यांना बोलायला सांगा. माझ्या दहा पत्रकांपेक्षा त्यांचं एक बोलणं जास्त पटतं.

सुरुवातीला सांगितलेल्या ताईंकडे मी नंतर एकटी गेले, माफी मागितली. त्या हसल्या, "तुमच्या पोटात काही नव्हतं ओ मॅडम, तुम्हाला विचारताच येत नव्हतं." पुढच्या तारखेला आम्ही दोघी गेलो. दवाखान्यात बाहेर बाकावर बसून काय बोलायचं ते आधी ठरवलं. आत गेल्यावर त्यांनीच सांगितलं. ह्या वेळी कोणी ओरडलं नाही. मशेरी पाच वेळांवरून एकदाच आली आहे, अजून पूर्ण सुटलेली नाही. पण एकही तारीख चुकलेली नाही.

तुमच्या गावात असं काही घडलं, चांगलं किंवा वाईट, तर मला बैठकीत बाजूला घेऊन सांगा. नाव विचारणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक